सोडदगडावरचं पाकीट

“दारू सुटते इथं, गांजा सुटतो, मग पाकीट का नाही सुटणार?”

हा सवाल मुरलीधर भुसारीचा. उभ्या उभ्या विचारलेला. बसला असता तर कपड्यांना माती लागली असती.

गोदामाय ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

“कोन पेते?”

“पीत कोणी नाही, माय. माझी पोरगी आहे ही. केतकी. नऊ वर्षांची. पाकिटं खाते.”

“कायची?”

“ते कुरकुरीत येतं ना... मसाल्याचं. दुकानात टांगलेलं असतं.”

“ते तं तूच विकतं.”

“म्हणूनच तर आलो, माय. मला माहीत आहे ना ते काय असतं.”

माय शेंगा सोलत राहिली. आता हे बोलणं समजायचं तर गोदामायचा मठ ठाऊक पाहिजे. मठ कसला, नदीकाठी एक टिनाची खोली, पुढं ओटा, बाजूला कडुलिंब. माय इथं कधी आली, कुठून आली, कोणाला माहीत नाही. तोंडात दात नाही, अंगावर धड लुगडं नाही, पण आसपासच्या गावांतले पहिलवान दारुडे तिच्यापुढं गोगलगाईसारखे बसतात. आमदारानं असं कोणाला बसवून दाखवावं.

ओट्याच्या कोपऱ्यात एक काळा दगड आहे. लोक त्याला सोडदगड म्हणतात. ज्याला जे सोडायचं, ते त्यानं आणून दगडावर ठेवायचं, वर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी हे सोडतो. झालं. मंत्र नाही, अंगारा नाही, पावती नाही. इथं सोडलेलं परत उचलायचं नाही, एवढंच.

तसं उचलणारे उचलतात. एका गुरुजीनं सकाळी मोबाईल सोडला आणि दुपारी आला, म्हणे, कोणाचा फोन आला होता तेवढं बघून जातो. एका सरपंचानं खोटं बोलणं सोडलं. तो पुढच्या निवडणुकीत पडला. अजून आम्हाला शिव्या देतो, पण त्या अगदी मनापासून.

मी मात्र तिथं काही सोडायला जात नाही. हिवाळ्यात ओट्यावर ऊन बरं मिळतं, आणि माणसं आपापलं सोंग घेऊन आपणहून येतात. तिकीट नाही.

मठाची अजून एक रीत आहे. सोडणाऱ्याला जो घेऊन येतो, त्यानंही काहीतरी सोडायचं. हे लोक एकमेकांना सांगायला विसरतात. मुद्दामच विसरतात.

आमच्या आळीतली तुळसाबाई नवऱ्याला घेऊन आली होती. त्यानं दारू सोडली, तिनं चहा सोडला. पोळ्याला नवऱ्याची दारू परत आली. तुळसाबाईचा चहा काही परत आला नाही. अजून कोणाकडं गेली की ती कोमट पाणी पिते, आणि आपल्या कपाकडं अशी बघते की आपलाच चहा आपल्याला चोरीचा वाटतो.

तर असा तो दगड. आणि त्याच्यावर त्या दिवशी भुसारीनं खिशातून काढून एक लालभडक पाकीट ठेवलं होतं. दारुड्यानं बाटली ठेवावी तसं, अदबीनं.

भुसारीकडं तालुक्याची एजन्सी. बाजारात, फाट्यावर, शाळेच्या फाटकासमोर, जिथं म्हणून दोरीला पाकिटांच्या माळा लटकतात, तो सगळा माल ह्याच्या गोडाऊनातून जातो. ह्याच्या टेंपोवर एक गोबऱ्या गालाचं पोरगं चितारलेलं आहे, तोंड आ करून हसणारं. केतकी टेंपोतून उतरून त्या चित्राजवळून चालत आली. दोघांना शेजारी बघून मला हसू आलं.

मग नाही आलं. पोरीच्या मनगटावरची बांगडी पार कोपरापर्यंत गेली असती. तोंड तर असं मिटलेलं, जसं कोणी आतून कडी लावली.

“गेल्या बाजारापासून जेवत नाही, माय,” भुसारी म्हणाला. आवाज जरा खाली आला त्याचा. “ताटावर बसते. घास उचलते, ठेवते. दूध दिलं तर दोन घोट. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो पोटात काही नाही. काल शाळेत प्रार्थनेला उभी होती, तशीच खाली बसली.”

“खाली बसली म्हंजे?”

“पडली.”

मायचा हात थांबला.

“तलफ आहे ही,” भुसारी सांगायला लागला. “दारुड्याचा हात कापतो ना, तसं. पाकीट बंद केलं म्हणून हिनं अंगावर घेतलं आहे. सगळं करून पाहिलं, माय. आधी प्रेमानं सांगितलं. मग म्हटलं, दुधी संपव, तुला सायकल आणतो. सायकल आणली. दुधी तशीच. मग किडक्या दातांची चित्रं दाखवली. पाकिटातला माल काडीनं पेटवून दाखवला, कसा तेलासारखा जळतो बघ म्हटलं.”

“मंग काय म्हने?”

भुसारी मनगटावरचं घड्याळ बघायला लागला.

“काय म्हने ते सांग ना.”

“म्हणाली, मग विकता कशाला.”

मला खोकला आला. खोकलाच होता.

“उलट बोलली म्हणून एक ठेवून दिली,” भुसारी म्हणाला. “एकदाच. त्याचं मला वाईट वाटतं.”

पोरगी नदीकडं बघत होती. नदीत तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

मायनं टोपलं बाजूला सारलं. दगडावरचं पाकीट उचललं. कानाशी नेऊन हलवलं.

“वारा भरला हाये.” मग माझ्याकडं फेकलं. “ए बुढ्या, फोड.”

मायच्या तोंडात दात नाहीत, माझ्या तोंडात आहेत ते दिखाव्याचे. तरी फोडलं. मायनं एक तुकडा काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून चोखत बसली.

“माय, ते सोडायला आणलं होतं,” भुसारी म्हणाला.

“तिनं अजून कुठं सोडलं? तवरोक खाऊ.”

“तुम्ही खाता हे?”

“देल्लं तं खाते. खारट हाये. बरं लागते.”

तिनं पाकीट माझ्यापुढं केलं. मी मूठभर घेतलं. फुकटचं सोडायला मी काय त्या दगडावर हात ठेवला होता?

मग पाकीट केतकीपुढं गेलं.

केतकीनं तोंड फिरवलं.

हे मी पाहिलं. मायनं पाहिलं. बापानं नाही पाहिलं, तो आपल्या बुटावरची धूळ बघत होता. दारुड्यापुढं बाटली धरली तर तो असं तोंड फिरवत नाही. मी पुष्कळ पाहिले आहेत.

शेवटी पाकीट भुसारीपुढं आलं.

“घे.”

“मी नाही खात, माय.”

“काहून?”

“त्यात काही नसतं. मीठ, तेल, रंग. पोटात गोळा होतो नुसता.”

माझ्या तोंडात अजून ते होतंच. गिळावं की थुंकावं? एवढा मोठा एजन्सीवाला सांगतो आहे म्हटल्यावर विचार करायला पाहिजे. मी केला. मग गिळलं. चव चांगली होती.

“बायको खाते?”

“नाही. एक पाकीट घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. कडक नियम आहे. गोडाऊनला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. घरात सगळं ताजं. ज्वारीची भाकर, मोड आलेले मूग, दुधी, पालक, काकडी. हिच्या डब्याला तीन खण आहेत, तिन्ही भरून देतो. स्वयंपाकाला बाई ठेवली आहे खास हिच्यासाठी.”

“अन् तू काय खातं?”

“माझं काय, माय, मी फिरतीवर. ढाब्यावर काहीतरी गिळायचं.”

“पोरीसंगं कोन जेवते?”

“तिची आई गोडाऊनला असते, मालाचं बघते. बाई वाढते हिला. समोर बसून असते, संपवते की नाही ते बघायला.”

“जेवते कोन म्हटलं मी.”

सवाल भुसारीच्या डोक्यावरून गेला असावा. फार उंच नव्हता तसा.

“बरं,” माय म्हणाली. “पोरगी पाकीट सोडन. तू काय सोडशील?”

भुसारी तयारीनं आला होता. देवळाच्या देणगीदारांत नाव वाचून दाखवल्यावर माणूस बघतो ना, तसं त्यानं इकडं तिकडं बघितलं.

“चहा सोडतो. आजपासून.”

“तुळसाबाईले सोबत झाली,” मी म्हटलं.

“तू गप रे,” माय मला म्हणाली. मग भुसारीला, “चहा राहू दे. दारुड्याची बायको चहा सोडते, काहून की दारू काही तिच्या हातात नसते. दुसरं काय सोडन बिचारी? तुह्या हातात तं पाकीट हाये.”

“मी ते खातच नाही, माय. न खाल्लेलं सोडू कसं?”

“खानं नोको सोडू. देनं सोड.”

भुसारी हसला. दुकानदार हसतो तसं, गिऱ्हाईक फार खाली उतरल्यावर.

“माय, मी आज सोडलं तर उद्या दुसरा घेईल. एजन्सीसाठी लोक टपून बसले आहेत. शाळेसमोरचं दुकान काय रिकामं राहणार आहे?”

“नाही राहनार.”

“पोरं खायची थांबणार आहेत?”

“नाही थांबनार.”

“मग मी सोडून कोणाचा काय फायदा?”

“तुळसाबाईच्या चहानं कोनाचा काय फायदा झाला?”

भुसारीला पुढचं सापडलं.

“हे बघा, मी काही कोणाच्या तोंडात कोंबत नाही. आईबाप पैसे देतात, पोरं घेतात. ज्याचं पोर त्यानं सांभाळावं. मी माझं सांभाळतो ना? सगळ्यांनी आपापल्या उंबऱ्याच्या आत बघितलं तर कोणाचंच पोर बिघडणार नाही.”

“खरं हाये,” माय म्हणाली.

माय वाद घालत नाही. फार वाईट खोड आहे ही तिची. समोरच्याला मग एकट्यालाच भांडावं लागतं. भुसारी भांडला. कर्जाचं बोलला, टेंपोचं बोलला, गोडाऊनवर कामाला असलेल्या माणसांचं बोलला. एवढ्या सगळ्यांची पोटं माझ्यावर आहेत, म्हणाला. हे खरं होतं, आणि त्याच्याशेजारी उभ्या पोरीच्या पोटात काही नव्हतं, हेही खरं होतं.

त्याचं बोलणं संपेपर्यंत मायनं अर्ध्या शेंगा उरकल्या. मग तिनं केतकीला हाक मारली.

“ये वं. बस इथं. सोलता येते?”

केतकी बसली. शेंग हातात घेतली. हिरवे दाणे बोटानं वाटीत ढकलले. ओली तूर सोलताना एखादा दाणा तोंडात टाकला नाही असं पोर मी पाहिलं नव्हतं. हिनं टाकला नाही.

“कोनासंगं जेवतं तू?” मायनं विचारलं.

“शाळेतच जेवते ती,” भुसारी म्हणाला. “डबा...”

“तुले नाही इचारलं.”

“रोशनीसोबत,” केतकी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. आवाज घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. मग म्हणाली, “जेवायचे.”

“तेच तर मूळ आहे सगळ्याचं,” भुसारी उसळला. “त्या रोशनीनंच हिला लावलं. तिची आई कापसाच्या जिनिंगला कामाला. सकाळी अंधारात निघते, पोरीच्या हातावर काही चिल्लर ठेवते. पोरगी शाळेसमोरून पाकीट घेते, तोच तिचा डबा. ते ह्या पोरीला चारलं तिनं. मी बाजाराच्या दिवशी हिचं दप्तर बघितलं, तर तळाशी चुरा. तसाच शाळेत गेलो. दोघींची बाकं बदलायला लावली. डबा कोणी कोणाला द्यायचा नाही, असा नियमच करून घेतला. शाळेला पंखे मी दिलेत, माझं ऐकतात.”

“बोलू दे तिले,” माय म्हणाली.

केतकी शेंग सोलत होती. डोळे शेंगेवर.

“कशा जेवत होत्या वं दोघी?”

“अर्धा डबा तिला, अर्धा मला. अर्धं पाकीट तिला, अर्धं मला.”

“अन् दुधी? दुधी कोन खाये?”

“दोघी. दुधीवर पाकीट चुरायचं.” पोरीनं दोन बोटं चोळून दाखवली, मीठ भुरभुरवावं तशी. “थोडंच. मग दुधी दुधीसारखी लागत नाही. पालकावर पण. मुगावर तर मस्त लागतं. रोशनीला नुसती दुधी पण आवडते. ती खण बोटानं पुसून खाते.”

“तू दुधी खायचीस?” भुसारीनं विचारलं.

केतकीनं बापाकडं बघितलं नाही.

“डबा रिकामा यायचा ना,” ती म्हणाली.

“मला वाटलं, तू...”

त्याला काय वाटलं होतं ते तो बोललाच नाही. आपली पोरगी दुधी फेकते असं वाटलं असणार, कुत्र्याला घालते असं वाटलं असणार. ती खात असेल हे तेवढं वाटलं नसणार.

“अन् आता?” मायनं विचारलं.

“आता ती खिडकीजवळ बसते, मी दाराजवळ. मॅडम म्हणतात, आपापल्या डब्यात बघून जेवा. तिच्याकडं नुसतं पाकीट असतं. मी डबा उघडला की ती भिंतीकडं तोंड करून बसते.”

“काहून?”

“वास येऊ नये म्हणून.”

मला मध्ये मध्ये तोंड घालायची सवय आहे. तेव्हा मात्र घालायला जागा सापडली नाही. मी एक शेंग उचलली आणि सोलायला लागलो. ती आधीच सोललेली होती.

“तिनं एकदा मला विचारलं होतं,” केतकी म्हणाली. “तुझे पप्पा आम्हाला सगळ्यांना देतात, मग तुला का नाही देत?”

“मंग तू काय सांगतलं?”

“मी म्हटलं, मला माहीत नाही.”

“पण मला माहीत आहे,” शेंग वाटीत रिकामी करून ती म्हणाली.

भुसारीनं रुमाल काढला. घाम पुसला. हिवाळा होता. थोड्या वेळानं त्याचा चेहरा परत जागेवर आला. धंद्याचा माणूस, कुठलाही सौदा फिसकटू देत नाही.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “माझी चूक झाली, मानतो. उद्यापासून दोन डबे पाठवतो. एक हिला, एक त्या रोशनीला. तोच तीन खणांचा डबा, तीच भाजी. शाळेला सांगून नियम काढून टाकतो. शेजारी बसा दोघी. झालं? आता जेवशील ना?”

मला वाटलं, मिटलं. मनात म्हटलं, भुसारी अगदीच दगड नाही. घरी जायला उठणारच होतो.

“तिच्यामागं ओम बसतो,” केतकी म्हणाली.

“मग?”

“त्याच्याकडं पण पाकीटच असतं. मागच्या दोन्ही बाकांवर पण.”

“अगं, साऱ्या वर्गाला डबे मी कसे पाठवू, बेटा?”

“पाकिटं पाठवता ना.”

हे ती भांडून बोलली नाही. टोमणा मारला असता तर बापानं अजून एक ठेवून दिली असती आणि सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. तिनं फक्त माहिती दिली.

भुसारी लाल झाला. इतका वेळ सांभाळलेलं सुटलं त्याचं. त्यानं वाकून पोरीचं मनगट धरलं आणि तिचा हात दगडावर ठेवला. फुटलेलं पाकीट मायनं परत तिथंच ठेवलं होतं, अर्धं भरलेलं.

“पुरे. ज्याच्यासाठी आलो ते होऊ दे. म्हण, मी पाकीट सोडते.”

केतकीनं मायकडं बघितलं.

“तिचा हात सोड,” माय भुसारीला म्हणाली. “काय सोडायचं ते ज्याचं त्यानं म्हनाव. शिकवलेलं दगड घेत नाही.”

भुसारीनं हात सोडला. केतकीनं काढला नाही. तळहात नीट पसरून ठेवला, शाळेत फूटपट्टी खायला ठेवतात तसा.

“मी डबा सोडते,” ती म्हणाली.

कडुलिंबाचं एक पान पडलं. पडल्याचा आवाज आला म्हणालो तर खोटं वाटेल.

“चुकून बोलली,” भुसारी म्हणाला. “घाबरली आहे. पाकीट म्हणायचं होतं तिला.”

“डबा,” केतकी म्हणाली.

“माय, हे धरू नका. लहान आहे.”

“प्यालेल्याचं धरतो आपन. पोट्टी तं शुद्धीत हाये.”

“पण उलटं झालं हे. मी काय सोडवायला आणली, आणि...”

“सुटलं ना काहीतरी.”

भुसारीनं माझ्याकडं बघितलं. माणूस अडचणीत आला की गावातल्या थट्टेखोराकडंही आशेनं बघतो. मी काय करणार? आजवर मी त्या दगडाची पुष्कळ टिंगल केली आहे, पण त्याच्यावरून कोणाचा शब्द मी उचलून दिलेला नाही. आणि खरं सांगू का, दिला असता तरी पोरीनं तो परत घेतला नसता.

मायनं दगडावरचं पाकीट उचललं आणि पुन्हा केतकीपुढं धरलं.

ह्या वेळी केतकीनं तोंड फिरवलं नाही. आत हात घातला. एक तुकडा काढला, तोंडात टाकला. चावला. मग दुसरा. खारट बोटं फ्रॉकला पुसून तिसरा.

बाजाराच्या दिवसापासून पोरीच्या तोंडात पहिल्यांदा काही धड जात होतं. समोर बसून तिचा बाप ते बघत होता, आणि त्याला बघवत नव्हतं. हो, तो बसला होता. कधी बसला कोणास ठाऊक. मातीतच.

“नको ना खाऊ, बेटा,” तो म्हणाला.

ती खात राहिली. तिला चव येत होती असं काही दिसलं नाही. काम करावं तसं खात होती.

“केतकी...”

पाकीट संपत आलं. तिनं ते उलटं करून चुरा तळहातावर घेतला. भुसारीचे ओठ हलत होते. हा माणूस तालुक्यात मालाचा भाव एका दमात म्हणून दाखवतो. त्याला आता एक वाक्य जुळवायला वेळ लागत होता.

“माय,” तो म्हणाला, “नुसत्या पाकिटावर पोर वाढतं का कुठं?”

मायनं नवी शेंग घेतली. दोन्ही टोकं मोडली.

“रोशनी वाढून राह्यली ना.”